अपील करायचं तर कुणाकडे?

आंतरराष्ट्रीय आर्थिक संस्थांच्या नियमांवरच्या या लेखात म्हटलंय की जागतिक व्यापार संघटनेचे नियम सगळ्या देशांना सारखेच बांधून ठेवतात, कागदावर बरोबर आहे हो, पण देशांमधल्या व्यापारी वादांवरची अपिलं ऐकणारं तिथलं अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे त्याचा साधा उल्लेखही नाही! ७ सदस्य असायला हवेत, एक केस ऐकायला किमान ३ लागतात, आणि नेमणूक सगळ्यांच्या सहमतीने होते म्हणून अमेरिकेने नवीन नावं अडवून धरली की खेळ खल्लास. आता पॅनलचा, म्हणजे वाद आधी ऐकणाऱ्या तज्ज्ञांच्या गटाचा, निकाल विरोधात गेला की हरलेला देश सरळ अपील टाकतो, अपील ऐकायला कुणीच नाही, म्हणजे निकाल लटकलेलाच. युरोपियन युनियन, चीन वगैरेंनी २०२० मध्ये आपापसात पर्यायी लवादाची सोय केली खरी, पण ती फक्त सामील झालेल्यांपुरती.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं तर विचारूच नका, मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मतं लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे १६ टक्क्यांहून जास्त आहेत, करा हिशोब, ती एकटी नाही म्हणाली की निर्णय अडलाच.

गंमत म्हणजे बॅंकांसाठी आंतरराष्ट्रीय नियम ठरवणारी बासेल समिती, तिच्याकडे कायद्याची ताकद शून्य, नियम प्रत्येक देश स्वतःच्या कायद्यात आणतो, कुणी उशिरा कुणी थोडे बदलून, तरी बरेच देश ते पाळतात कारण नाही पाळले तर बाहेरच्या बॅंका आणि गुंतवणूकदार संशयाने बघतात. लेखकाने यावर दोन ओळी जास्त लिहायला हव्या होत्या, व्यापार संघटनेचा इतिहास कमी केला असता तरी चाललं असतं.