जोखीम घेतं कोण, आणि भोगतं कोण?

आज माझ्या जुन्या बॉसची पोस्ट दिसली. "जोखीम आम्ही घेतो, म्हणून कमाईही आमचीच." खाली टाळ्यांचा नुसता पाऊस. डोकंच फिरलं माझं.

याच माणसाच्या स्टार्टअपचे हिशेब मी बघायचे. गुंतवणूकदारांचा सगळा पैसा एकाच बँकेत. मी म्हटलं, सर, अमेरिकेत ठेवींवरचा विमा एका बँकेत अडीच लाख डॉलरपर्यंतच, थोडे दुसरीकडे ठेवूया. हसला. "बँका कुठे बुडतात का? तू व्हाउचर बघ."

मग मार्च २०२३. अमेरिकेतल्या स्टार्टअपवाल्यांच्या लाडक्या सिलिकॉन व्हॅली बँकेने ठेवी लांब मुदतीच्या रोख्यांत अडकवल्या होत्या. व्याजदर चढले, रोख्यांचे भाव पडले, ठेवीदार घाबरले. ९ तारखेला एका दिवसात ४,२०० कोटी डॉलर काढायला झुंबड उडाली, दुसऱ्या दिवशी बँकेला टाळं. नव्वद टक्क्यांहून जास्त ठेवी विम्याबाहेर! आदल्या वर्षी बरेच महिने तिथे मुख्य जोखीम अधिकारीच नव्हता, म्हणजे व्हाउचर बघणारंसुद्धा कोणी नाही.

आमचा सगळा पैसा ज्या एका बँकेत होता, ती सुदैवाने ही नव्हती. तरी "सरकारने यात पडू नये" हा ज्याचा जप, तो बॉस शनिवार-रविवार लिहीत सुटला, सरकारने वाचवलंच पाहिजे. रविवारी वाचवलंही. सगळ्यांच्या सगळ्या ठेवी सुरक्षित, मर्यादा गेली खड्ड्यात.

बरं, मान्य. हजारोंचे पगार अडकले असते, आणि भार करदात्यांवर नाही, बँकांवर टाकला. भागधारकही बुडाले. ठीक.

पण २०२४ मध्ये सिनॅप्स बुडाली तेव्हा कुठे होते हे सगळे? लोक ॲपवर पैसे ठेवायचे, ते बँकेपर्यंत पोचवणारी ही मधली कंपनी. तिच्या आणि बँकांच्या नोंदी जुळेनात, ग्राहकांच्या पैशांत तूट साडेसहा ते साडेनऊ कोटी डॉलरच्या घरात. म्हणजे सिलिकॉन व्हॅलीच्या त्या एका दिवसापुढे चिल्लर! लाखभर लोकांची खाती गोठली. बँक बुडालेली नाही, मधली कंपनी बुडाली, म्हणून विमा लागू नाही. कोणता रविवार नाही, कोणती घोषणा नाही. बॉसच्या भिंतीवर मी मागे जाऊन शोधलं, एक ओळ नाही.

रागाने लिहायला बसले खरी, पण आता त्या लोकांचंच वाईट वाटतंय. कोणी घर विकून आलेले पैसे ठेवलेले, कोणी अडीअडचणीसाठीचे. त्यांनी कसली जोखीम घेतली होती? ॲपवर विम्याचं नाव वाचून त्यांनी बचत ठेवली होती फक्त.