फोटोखालची कापलेली ओळ

अमेरिकेतल्या ॲपलेशियन डोंगरांमधल्या कोळसाखाणींच्या छोट्या गावांचे जुने कृष्णधवल फोटो सारखे फिरत असतात. सोबतचा मजकूरही ठरलेला: ही माणसं जगापासून तुटलेली होती, सगळी गोरी होती आणि मागासलेली असल्यामुळे गरीब राहिली. यातलं एकही विधान त्या फोटोंपुढे टिकत नाही.

आधी ‘तुटलेली’. वेस्ट व्हर्जिनियातल्या वेल्च गावचा रस्ता छायाचित्रकार रसेल ली यांनी ऑगस्ट १९४६ मध्ये एका शनिवारी दुपारी टिपला. नुसती झुंबड. याच गावात नगरपालिकेने १९४१ मध्येच बहुमजली पार्किंग इमारत उभारली होती, कारण दरी चिंचोळी आणि गाड्या उदंड. कोळसा रेल्वेने थेट बाहेर जायचा. १९५० साली वेल्च ज्यात येतं त्या मॅकडॉवेल काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात, ९८ हजारांवर लोक राहत होते. २०२० मध्ये जेमतेम १९ हजार उरले.

‘सगळी गोरी’ म्हणणाऱ्यांनी वेल्चशेजारच्या किंबलला जावं. पहिल्या महायुद्धातल्या कृष्णवर्णीय सैनिकांचं स्मारकभवन तिथे १९२८ मध्ये बांधलं गेलं. दक्षिणेतले कृष्णवर्णीय, इटालियन, हंगेरियन असे सगळेच इथल्या खाणींत उतरत होते.

खरा राग येतो तो तिसऱ्या विधानाचा. केंटकीतल्या बेल काउंटीतलं लींनी टिपलेलं एक स्वयंपाकघर पाहा. एक आई आणि तिचं धाकटं मूल. घर तीन खोल्यांचं, ना नळ, ना वीज. आता याला मागासलेपण म्हणायचं? नवरा ज्या बेल्व्हा खाणीचा कामगार, ती डिसेंबर १९४५ च्या स्फोटानंतर सोडून दिलेली होती. अशा वस्त्यांमध्ये घर बहुधा कंपनीचं, दुकान कंपनीचं, डॉक्टरचे पैसेही पगारातून वळते व्हायचे. पगाराआधी उचल घेतली की हातात स्क्रिप पडायचं, म्हणजे कंपनीच्याच दुकानात चालणारी टोकनं. संप केला तर सामानासकट घराबाहेर. तरीही १९२१ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या ब्लेअर माउंटनवर सुमारे दहा हजार खाणकामगार हत्यारं घेऊन उभे राहिले. त्यांना आपल्या गरिबीचं कारण पुरेपूर माहीत होतं.

शिवाय लींनी हे फोटो काढले कशासाठी? १९४६ च्या खाणकामगारांच्या संपात राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या सरकारने खाणी ताब्यात घेतल्या आणि युनियनशी झालेल्या करारानुसार कामगारांच्या आरोग्याची आणि घरांची पाहणी सुरू झाली. ली त्या कामावर होते, त्यामुळे त्यांचा कॅमेरा पाण्याच्या सोयीकडे आणि पडक्या भिंतींकडे वळणारच. पण त्याच पाहणीत केंटकीतल्याच व्हीलराइट गावातलं नीटनेटकं घरही आहे. पाळी संपवून आलेला कामगार तिथे लेकरांमध्ये बसलेला दिसतो. तेच डोंगर, तोच कोळसा, फक्त कंपनीने तिथे घरांवर पैसा खर्च केला होता.

लींच्या फोटोंखाली कंपनीचं, खाणीचं आणि काउंटीचं नाव नोंदलेलं असतं. फिरणाऱ्या फोटोंमधून नेमकी तीच ओळ कापलेली असते.