नॉर्मल स्पायरोमेट्रीने दमा बाद होत नाही

‘स्पायरोमेट्री नॉर्मल तर दमा नाही’ हे लेखातलं वाक्य पटलं नाही. स्पायरोमेट्री म्हणजे जोरात फुंकून हवा मोजायची चाचणी; त्या दिवशी श्वासनळ्या मोकळ्या असतील तर आकडा चांगलाच येणार. त्या किती चटकन आवळतात हे मेथाकोलीन चाचणी सांगते. आधी पहिल्या सेकंदात फुंकलेली हवा मोजतात, मग मेथाकोलीन या नळ्या आवळणाऱ्या औषधाचे तुषार चढत्या मात्रेत देतात. प्रत्येक मात्रेनंतर ३० आणि ९० सेकंदांनी पुन्हा फुंकायचं. हवा २० टक्के घटली की थांबायचं. ४०० मायक्रोग्रॅमच्या पुढेही घट नसेल तर नळ्या नॉर्मल, २५ च्या आतच झाली तर संवेदनशीलता मध्यम ते तीव्र.

गोम अशी की तुषार घेताना श्वास नेहमीसारखाच हवा. छाती भरून ओढला की नळ्या ताणून मोकळ्या होतात आणि सौम्य दमा हातचा निसटतो. साल्ब्युटामॉलचा (नळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाचा) पंप किमान ६ तास आधी बंद. नाकाच्या अ‍ॅलर्जीतही चाचणी पॉझिटिव्ह येते, म्हणून निगेटिव्ह निकालाचं वजन जास्त.

आपल्याकडे तालुक्याला ही सोय कुठली! फुंकेचा सर्वाधिक वेग मोजणारं पीक फ्लो मीटर मात्र स्वस्त. दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ, दरवेळी तीनदा फुंकून मोठा आकडा लिहा. मोठ्या माणसात रोजचा चढउतार सरासरी १० टक्क्यांवर असेल तर संशय बळावतो. जळगाव-धुळ्याकडे जिनिंगवर जाणाऱ्यांनी कामाच्या आणि सुट्टीच्या दिवशी चार-चारदा नोंद करावी. सुट्टीनंतरच्या पहिल्याच पाळीला छाती आवळत असेल तर कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, बिसिनोसिसही डॉक्टरांना तपासायला सांगा.