डब्यावरचा मोठा आकडा आणि लीव्हर रायफल : एका फिरत्या दाव्याला मुद्देसूद उत्तर

लीव्हर-ॲक्शन रायफलींच्या (चापाभोवतीची दांडी खाली-वर करून पुढचं काडतूस भरायच्या रायफलींच्या) काडतुसांबद्दल एक मजकूर सध्या हातोहात फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : डब्यावरचा वेग पाहा, ज्याचा आकडा मोठा ते काडतूस उत्तम. कॅलिबर जुळलं की कारखान्यातलं कुठलंही काडतूस कुठल्याही लीव्हर रायफलीत चालतं. टोकदार गोळीची भीती जुनाट आहे. आणि खात्री हवीच असेल तर प्रत्येक डब्यातल्या तीन गोळ्या झाडा, ज्या जवळजवळ पडतील तो डबा घ्या.

यातले पहिला आणि शेवटचा दावा दिशाभूल करतात. मधल्या दोन दाव्यांमुळे मात्र माणसाचा डोळा जाऊ शकतो, हात जाऊ शकतो. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितो आहे.

वेगापासून सुरुवात करू. उदाहरणाला .३०-३० घेऊ, कारण लीव्हर रायफल म्हटली की पहिलं नाव याच काडतुसाचं येतं. १८९५ मध्ये ते विंचेस्टरच्या १८९४ मॉडेलसाठी बाजारात आलं आणि आजही कारखान्यात बनतं. त्याचे दोन जुने, रूढ प्रकार आहेत : १५० ग्रेनची गोळी आणि १७० ग्रेनची गोळी (ग्रेन हे वजनाचं माप). डब्यावर पहिलीचा वेग सेकंदाला २३९० फूट छापलेला असतो, दुसरीचा २२००. दाव्याप्रमाणे निकाल इथेच लागला. पण हे आकडे नळीच्या तोंडाशी मोजलेले आहेत आणि सावज तिथे उभं नसतं. शंभर यार्डांवर १५० ग्रेनची गोळी १९७३ फुटांवर येते आणि १७० ग्रेनची १८९५ वर. दोनशे यार्डांवर हलकी १६०५, जड १६१९. म्हणजे डब्यावर १९० फुटांनी मागे असलेली गोळी तिथे पुढे निघून गेलेली असते. ऊर्जा पाहिली तर फरक आणखी ठळक दिसतो : हलकीकडे सुमारे ८६० फूट-पौंड, जडकडे जवळपास ९९०.

हे होतं ते गोळीच्या आकारामुळे. बोथट नाकाची गोळी हवा कापत नाही, ढकलत जाते. सारख्याच व्यासाची हलकी गोळी आखूड असते आणि आपला वेग लवकर गमावते. जड गोळी निघताना सावकाश निघते, पण वेग धरून ठेवते.

‘पण वेगवान गोळी कमी खाली येते’ असंही कुणी म्हणेल. शंभर यार्डांवर नेम जुळवला तर दोनशेवर दोन्ही गोळ्या आठ-नऊ इंच खाली जातात आणि त्या दोघींतला फरक इंचाच्या आत राहतो. उघड्या नेमाच्या (दुर्बीण नसलेल्या) कार्बाइनवर, म्हणजे आखूड नळीच्या रायफलीवर, तो फरक दिसणारही नाही. शिवाय अमेरिकेच्या पूर्वेकडच्या दाट रानात, जिथे ही रायफल पिढ्यानपिढ्या हरणांवर वापरली गेली, तिथे बहुतेक गोळ्या शंभर यार्डांच्या आतच झाडल्या जातात. तिथे निवड करायची ती गोळी किती खोल जाते आणि कशी फुलते (लागल्यावर कशी पसरते) यावर. अंगाने मोठ्या जनावरासाठी मी १७० ग्रेनचीच बाजू घेईन.

डब्यावरच्या आकड्याची आणखी एक अडचण आहे. .३०-३० साठी तो २४ इंची चाचणी-नळीतून काढलेला असतो. लोकांच्या हातातल्या बहुतेक कार्बाइनची नळी २० इंचांची असते. चार इंच कमी झाले की शंभर फुटांच्या आसपास वेग जातो, कधी त्याहून जास्त. दोन कंपन्यांच्या डब्यांवर ३०-४० फुटांचा फरक पाहून एकीला वरचढ ठरवण्यात म्हणूनच काही अर्थ नाही. तुमच्या नळीतून ते आकडे उलटेही येऊ शकतात.

.३५७ मॅग्नममध्ये प्रकार नेमका उलटा होतो. हे मुळात रिव्हॉल्व्हरचं काडतूस, १९३५ सालचं, आणि डब्यावरचा वेग सहसा चार इंची नळीचा असतो. तेच १८ इंची लीव्हर कार्बाइनमधून झाडलं की जड गोळीचाही वेग बऱ्याचदा चारशे फुटांहून जास्त वाढतो. ऐकायला हे छान वाटतं, पण रिव्हॉल्व्हरच्या वेगासाठी घडवलेली हलकी पोकळ टोकाची गोळी इतक्या वेगात लागली तर वरच्यावर फुटून जाते, आत शिरत नाही. इथे डब्यावरचा लहान आकडा आणि जड, घट्ट बांधणीची गोळी हीच निवड शहाणपणाची आहे.

आता ‘कॅलिबर जुळलं की चालतं’ हा दावा. माझा सर्वांत मोठा आक्षेप याला आहे.

.४५-७० हे काडतूस अमेरिकी सैन्याने १८७३ मध्ये स्वीकारलं. ४५ हे कॅलिबर आणि ७० ग्रेन काळी दारू, असा त्या नावाचा हिशेब. ज्या स्प्रिंगफील्ड ‘ट्रॅपडोअर’ रायफलीसाठी ते होतं तिची ॲक्शन (काडतूस मागून रोखून धरणारी यंत्रणा) आजच्या मानाने कमकुवत, आणि त्या रायफली अजूनही लोकांकडे आहेत, चालतात. म्हणूनच अमेरिकी दारूगोळा उत्पादकांची मानकसंस्था ‘सॅमी’ हिने या काडतुसाच्या दाबाची मर्यादा दर चौरस इंचाला २८,००० पौंड इतकी खाली ठेवली आहे. तुलनेला, .३०-३० ची मर्यादा ४२,००० आहे. ४०५ ग्रेनची गोळी सुमारे १३३० फुटांनी फेकणारं कारखान्यातलं काडतूस ‘मवाळ’ आहे म्हणून नाकं मुरडली जातात. ते मवाळ का ठेवलं आहे, हे त्या मजकुरात कुठेच नाही.

पण त्याच नावाची, त्याच मापाची, कितीतरी जास्त दाबाची काडतुसंही काही उत्पादक बनवतात. १९७२ पासून बनलेल्या मार्लिन १८९५ सारख्या आधुनिक, मजबूत रायफलींसाठी ती असतात आणि डब्यावर तसं लिहिलेलं असतं. त्यातल्या काहींवर ‘प्लस पी’ (म्हणजे जादा दाब) असं छापतात. .४५-७० साठी ‘प्लस पी’ असं सॅमीचं कुठलंही मानक नाही, म्हणजे एका कंपनीचं प्लस पी आणि दुसरीचं प्लस पी यांत काय साम्य आहे ते डब्यावरून कळायला मार्ग नाही. ही काडतुसं ट्रॅपडोअरच्या चेंबरमध्ये (नळीतल्या काडतुसाच्या जागेत) अगदी सहज जातात. अडत नाहीत, म्हणून तर धोका आहे. विंचेस्टरच्या मूळ १८८६ मॉडेललाही, विशेषतः काळ्या दारूच्या काळातल्या रायफलीला, त्यांपासून लांबच ठेवावं.

हा काही आजचा प्रश्न नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विंचेस्टरने .४४-४० मध्ये जास्त वेगाचं काडतूस काढलं ते १८९२ मॉडेलच्या भरवशावर. ते १८७३ मॉडेलमध्ये वापरू नये, असं कंपनीलाच सांगावं लागलं, कारण कॅलिबर एक असलं तरी १८७३ ची सांध्यांची ॲक्शन तो दाब पेलणारी नव्हती. .३८-५५ ची गोष्ट तर याहून वाईट. १९७८ मध्ये आलेल्या .३७५ विंचेस्टरची केस (काडतुसाचं पितळी नळकांडं) .३८-५५ पेक्षा थोडी आखूड आहे, त्यामुळे ते जुन्या .३८-५५ रायफलीत बसू शकतं. दाब मात्र त्या रायफलीला झेपण्यापलीकडचा. इथे नावही वेगळं आहे, तरी ‘बसलं म्हणजे चालतं’ असं मानणारा माणूस फसेल.

तुमच्या रायफलीचं मॉडेल आणि ती कोणत्या साली बनली हे आधी माहीत करून घ्या, डबा नंतर उचला. नळीवर कोरलेल्या कॅलिबरवरून ॲक्शनची ताकद कळत नाही. शंका असेल तर सॅमीच्या मर्यादेतलं साधं काडतूस घ्यावं किंवा रायफल आधी जाणकार गनस्मिथला दाखवावी.

टोकदार गोळीबद्दल फार लिहायला नको. नळीखालच्या लांब ट्यूब मॅगझिनमध्ये (काडतुसं साठवायच्या नळकांड्यात) काडतुसं एकामागे एक आडवी असतात आणि मागच्या गोळीचं नाक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला (दारू पेटवणाऱ्या बुडाच्या टोपीला) टेकलेलं असतं. नाक कठीण आणि टोकदार असेल तर धक्क्याने प्रायमर पेटू शकतो. चपट्या किंवा गोल नाकाच्या गोळ्या त्यासाठीच आल्या. हॉर्नाडीच्या ‘लीव्हरएव्होल्यूशन’ काडतुसात टोक आहे, पण ते दाबलं जाणाऱ्या मऊ पॉलिमरचं आहे. .३०-३० मध्ये त्यांची १६० ग्रेनची गोळी २४०० फुटांनी निघते आणि दोनशे यार्डांवर १९०० च्या वर राहते. ही सुधारणा खरी आहे आणि लांबच्या नेमासाठी मी ती आनंदाने सुचवेन. पण तिच्याकडे बोट दाखवून सगळ्या टोकदार गोळ्या सुरक्षित ठरवणं चुकीचं आहे.

दाव्यात तथ्याचा एक कण आहे, तोही मान्य करू. सगळ्या लीव्हर रायफलींना ट्यूब मॅगझिन नसतं. विंचेस्टर १८९५ ला पेटी मॅगझिन आहे, सॅव्हेज ९९ ला फिरतं. त्यांत टोकदार गोळी बिनधास्त चालते. पहिल्या महायुद्धात रशियाने याच विंचेस्टर १८९५ च्या जवळजवळ ३ लाख रायफली आपल्या ७.६२ मिलिमीटर सैनिकी काडतुसासाठी घेतल्या होत्या.

राहिली तीन गोळ्यांची परीक्षा. एकाच रायफलीतून, एकाच डब्यातल्या दहा गोळ्यांचा गट (कागदावरच्या भोकांचा पसारा) तीनच्या गटापेक्षा सरासरी दीडपटीहून मोठा येतो. तीन-तीनचे गट आपापसांतच इतके बदलतात की त्यांवरून दोन डब्यांत डावं-उजवं करता येत नाही. त्यात लीव्हर कार्बाइनचा लाकडी दस्ता दोन तुकड्यांचा असतो आणि नळीला मॅगझिन कड्यांनी जखडलेलं असतं. नळी तापली की ताण बदलतो आणि गोळ्या सरकू लागतात. आधी झाडलेला डबा थंड नळीचा आणि नंतरचा तापलेल्या नळीचा, ही तुलनाच नव्हे. दोन डब्यांच्या गोळ्या आलटून-पालटून, मध्ये नळी निववत झाडाव्यात, निदान दहा-दहा. आणि शिकारीसाठी निवडत असाल तर थंड नळीच्या पहिल्या गोळीची वेगळी नोंद ठेवा : वेगवेगळ्या दिवशीच्या पहिल्या गोळ्या एकाच कागदावर घ्या. रानात बहुतेक वेळा तीच एक गोळी झाडायला मिळते.