साडेतीनशे रुपयांचा डाग

भिंतीला डोकं टेकवायचे ३५० रुपये पडतात. हा दर सदाशिव पेठेतला. तुमच्याकडे थोडं कमीजास्त होत असेल.

भाच्याचं पहिलं वर्ष संपलं, त्याने कॉट सोडली, म्हणून डिपॉझिट आणायला आम्ही दोघे गेलो. घरमालक काकांनी ६,००० मधले ५,६५० मोजून हातावर ठेवले आणि म्हणाले, "बाकीचे डागाचे." कॉटवर बसून वाचताना डोकं जिथे टेकायचं तिथे भिंतीवर ताटलीएवढा तेलकट गोल उमटला होता. पोरगा वर्षभर अभ्यास करत होता याचा इतका ठळक पुरावा मार्कशीटमध्येसुद्धा नाही.

कॉट बेसिस म्हणजे काय हे ज्यांची मुलं अजून घरीच जेवतात त्यांच्यासाठी सांगतो. इथे खोली भाड्याने मिळत नाही, खोलीतली लोखंडी कॉट मिळते. सहा बाय तीन, वर प्लायवूड. दहा बाय बाराच्या खोलीत अशा चार. कॉटखाली तुमची बॅग, कॉटवर तुम्ही, मधली वाट चौघांची. गादी, बादली, मग, कुलूप सगळं आपलं आणायचं. भाडं महिना ३,०००, डिपॉझिट दोन महिन्यांचं, रोख. पावती मागितली तर काकांचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

तर मी घासाघीस सुरू केली. "काका, भिंत रंगवायला झालेलीच आहे. शेवटचा रंग कधी काढलाय?"

"२०१६ साली. तेव्हापासून एक डाग नव्हता."

व्हरांड्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर एक आजोबा पेपर वाचत होते. पांढरा झब्बा, पायात मोजे, मोज्यांवर चप्पल. काकांचे मोठे भाऊ असावेत असं समजून मी त्यांना येताना नमस्कारही घातला होता. त्यांनी पेपर खाली केला.

"कसला डाग म्हणालात?"

"तेलाचा," काका म्हणाले.

"कुठलं तेल?"

भाचा गरीब. विचारलं की सांगतो. "खोबरेल."

"बाटलीतलं की घाण्याचं?"

"घाण्याचं. आई पाठवते उदगीरहून."

आजोबांनी पेपराची नीट घडी घातली, चष्मा खिशात ठेवला आणि दुसरा चष्मा काढला. "चला, बघू."

आम्ही चौघे त्या खोलीत शिरलो. उरलेल्या तीन कॉटांवरच्या मुलांनी पाय वर घेतले. आजोबांनी डागावर बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला, मग कॉटच्या प्लायवूडपासून डागापर्यंत वितीने मोजलं. "अडीच विती. म्हणजे पावणेदोन फूट. मुलगा पोक काढून बसतो. ताठ बसला असता तर डाग निदान चार बोटं वर आला असता."

"त्याने पैसे कमी झाले असते का?" मी विचारलं.

"पाठ बरी राहिली असती." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही कोण याचे?"

"मामा."

"पुण्यातच असता?"

"हो."

"सख्खा मामा पुण्यात असताना पोरगं कॉटवर?"

"मी वाघोलीला राहतो."

"मग बरोबर आहे," आजोबा म्हणाले. वाघोली पुण्यात नाही याबद्दल दोघांचंही एकमत दिसलं. वाघोलीहून शिवाजीनगरच्या कॉलेजात वेळेवर पोचायचं तर पोराने पहाटे अंघोळ करावी लागते, आणि आमच्या वन बीएचकेत पहाटेच्या अंघोळीचा नंबर आधीच लागलेला असतो, हे मला सांगायचं होतं. कुणी विचारलं नाही.

आजोबा पुन्हा डागाकडे वळले. "हे मुरलंय आत. वरून नुसता डिस्टेंपर मारलात तर महिन्याभरात तेल परत वर येणार. आधी घासपेपर, मग ऑइल प्रायमर, ते वाळलं की रंगाचे दोन हात. आणि रंगारी काही हातभर भिंतीसाठी येत नाही, तो अख्ख्या दिवसाची मजुरी लावतो. साडेतीनशे म्हणजे तुम्ही कमीच घेताय."

काका नम्रपणे हसले. भाचा माझी बाही ओढत म्हणाला, "मामा, जाऊ द्या की." मीही जाऊ दिलं, कारण प्रायमरचा मुद्दा खरा होता. तेलावर पाण्यातला रंग धरत नाही, हे मलाही माहीत होतं. शिवाय त्या वयाच्या माणसाशी वाद घालायचा तर आपल्याजवळही दोन चष्मे हवेत.

मग आजोबा कॉटवर बसले. प्लायवूड दाबून पाहिलं. "तर ही कॉट मी नातवासाठी बघायला आलोय. भाडं तीन हजार म्हणालात ना? आता इतका मोठा डाग आहे म्हटल्यावर अठ्ठावीसशे करा."

"अहो, किरकोळ डाग आहे तो!" काका जवळजवळ ओरडलेच.

"मगाशी तर अख्ख्या दिवसाची मजुरी होती."

"मजुरी तुम्ही म्हणालात!"

"आणि तुम्ही हसलात."

२,८५० ला तुटलं. महिन्याला १५० सुटले, ११ महिन्यांचे १,६५०. डाग आमच्या पोराच्या डोक्याचा, दंड आम्ही भरला, सूट त्यांच्या नातवाला, आणि भिंत कुणीच रंगवणार नाही. निघताना आजोबांनी हाक मारली, "गादी नेताय की ठेवताय?"

नेली. दोघांनी मिळून, बसमधून, कंडक्टरची बोलणी खात नेली.

आता यंदा ज्यांची मुलं पुण्यात येणार आहेत त्यांनी ऐका. कॉट ठरली की सामान लावायच्या आधी चारही भिंती, खिडकीची काच, नळ आणि बटणांचा बोर्ड यांचे फोटो काढा आणि ते स्वतःच्या फोनमध्ये न ठेवता त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर मालकालाच पाठवा. खाली एक ओळ, 'आज कॉट घेतली तेव्हाची स्थिती'. तारीख आपोआप पडते आणि निळ्या खुणाही येतात. डोकं टेकतं तिथे जाड कार्डशीट उभा करायचा, पण तो कॉट आणि भिंतीच्या फटीत नुसता अडकवायचा. चिकटपट्टी लावलीत तर सोडताना रंगाचे पोपडे निघतात आणि डागाऐवजी पोपड्यांचे पैसे जातात.

ढेकूण मात्र घ्यायच्या आधीच बघावे. मालक जिन्यात उभा असताना फोनची बॅटरी लावून प्लायवूड उचलायचं आणि जिथे ते लोखंडी अँगलवर टेकतं ती कड बघायची. ढेकूण दिवसा दिसतीलच असं नाही, पण बॉलपेनने टिंबं द्यावीत तशी काळी टिंबं तिथे दिसतात. मग एखादं जुनं कार्ड पायाच्या वेल्डिंगच्या फटीतून फिरवायचं. त्याला पापुद्रे किंवा पांढरी बारीक अंडी लागली तर 'घरी विचारून सांगतो' म्हणायचं आणि गादी त्या घराच्या उंबऱ्याच्या आत न्यायची नाही. एकदा गादीत शिरले की पुढच्या खोलीतही तुमच्यासोबत भाडं न भरता राहतात.

मग वीज. इंडक्शन शेगडीवर सगळीकडे बंदी असते. २,००० वॉटची शेगडी तासाला दोन युनिट खाते आणि जुन्या वायरिंगवर असल्या दोन शेगड्या एकदम लागल्या की फ्यूज जातो, म्हणून ती बंदी मला पटते. केटलचं मात्र पटत नाही. काका केटलचे महिना १५० वेगळे घेतात. एक लिटर पाणी उकळायला जेमतेम ०.१ युनिट लागतं. दिवसातून दोनदा धरलं तर महिन्याला सहा-सात युनिट, आणि युनिटला १२ रुपये धरले तरी ८५ च्या वर जात नाही. चार मुलांच्या केटलांवर काका महिन्याला अडीचशे-तीनशे कमावतात, आणि विजेचं बिल कुणाला दाखवत नाहीत. वेगळा मीटर असेल तर त्याचा आकडाही पहिल्याच दिवशीच्या फोटोत घ्या.

केटलमध्ये दूध तापवू नका. तळाशी लागतं, करपतं, आणि नंतर सहा महिने चहाला तोच वास येतो. अंडी उकडता येतात, फक्त पाणी उकळलं की केटल आपोआप बंद होते, म्हणून झाकण न उघडता अंडी पंधरा मिनिटं तशीच राहू द्यायची. आणि ज्या रात्री खिशात काही नसेल त्या रात्रीसाठी दडपे पोहे आहेतच. पातळ पोहे, कांदा, मिरची, लिंबू, असलं तर ओलं खोबरं, वरून दाबून झाकण. गॅस नको, वीज नको, काकांची परवानगी नको.

मेसचं गणित मुलांना बारावीत शिकवायला हवं. समजा दोन वेळचे महिन्याला ३,२०० आणि सुटं ताट ८० चं. रविवारी संध्याकाळी बंद, म्हणजे महिन्यात ५६ ताटं आणि ताट पडलं ५७ ला. छान वाटतं. पण ३,२०० भागिले ८० म्हणजे ४०. तुम्ही ४० पेक्षा कमी वेळा जेवणार असाल तर महिना लावण्यात नुकसान आहे. आता मोजा. गावी जाताना शुक्रवारचं रात्रीचं, शनिवारची दोन आणि रविवारचं दुपारचं अशी चार ताटं बुडतात. महिन्यातून दोनदा गेलं की आठ. आठवड्यातून दोन दिवस प्रॅक्टिकल दुपारपर्यंत लांबतं, मेस बंद होते, वडापाववर भागतं, ती आणखी आठ. राहिली ४०. एक दिवस ताप आला की तुम्ही मेसवाल्याला वर्गणी देताय.

यावर मेसवाला म्हणतो, "खाडा धरतो ना आपण!" धरतो, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे सोडतो, पण सलग तीन दिवसांचा आणि आदल्या दिवशी सांगितला तर. शुक्रवार रात्र ते रविवार दुपार हे त्याच्या हिशोबात तीन दिवस होत नाहीत, कारण शुक्रवारी दुपारी जेवलात. हा नियम कुणीतरी गावच्या एसटीचं वेळापत्रक समोर ठेवून केलेला आहे. शिवाय गुलाबजाम रविवारीच असतो. खाडा वहीत स्वतःच्या डोळ्यांसमोर लिहून घ्यावा, आणि दिवाळीच्या सुट्टीआधी महिना संपेल अशा तारखेला पैसे भरावेत. सुट्टीत अर्धा महिना लोंबकळत ठेवला की परतल्यावर 'तो महिना संपला' असं ऐकायला मिळतं.

पुस्तकांचं अप्पा बळवंत चौकात भागतं. जुनी घ्यावीत, पण मुखपृष्ठावर पॅटर्न, म्हणजे कुठल्या सालचा अभ्यासक्रम, ते बघावं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगला २०१९ पॅटर्नचं पुस्तक २०२४ पॅटर्नच्या मुलाला अर्ध्या किमतीत देणारे हसतमुख विक्रेते असतात. मिनी ड्राफ्टर (ड्रॉइंगच्या रेषा आखायचं साधन) आणि एप्रन सीनियरकडून घ्यावेत. ड्राफ्टर इंजिनिअरिंग ग्राफिक्सचा विषय सुटेपर्यंतच लागतो, नंतर तो कॉटखाली जाऊन पडतो.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. पुढचं नेता येत नाही. भाच्याच्या शेजारच्या कॉटवरचा मुलगा समाजकल्याण खात्याच्या स्वाधार योजनेत बसतो. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांना राहण्याजेवणाचे पैसे देणारी ही योजना. पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० मिळतात. भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,०००, निर्वाहाचे ८,०००. निवासाचे २०,००० म्हणजे महिन्याला १,६६७, आणि कॉट ३,००० ची, तेही बाजूला ठेवू. अर्जाला भाड्याने राहत असल्याचा पुरावा म्हणून भाडेकरार लागतो. आणि करार करून द्यायला काका तयार नाहीत. "कॉटचा कसला करार? अकरा महिन्यांनी तू जाणारच की." ३५० रुपयांच्या डागासाठी भिंत वितीने मोजली जाते, आणि पोराच्या ६०,००० साठी एक सही होत नाही.

कायदा काकांच्या बाजूचा नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरलेल्या मुदतीसाठी जागा वापरायला देण्याचा, करार लेखी आणि नोंदवलेला असायला हवा, नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, आणि तो नोंदवलेला नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल राहणारा सांगेल ते खरं धरतात. म्हणजे भाचा 'डागाचे पैसे ठरले नव्हते' असं म्हणाला असता तर ते ग्राह्य होतं. पण ३५० रुपयांसाठी कोर्टाची पायरी कोण चढणार हे काकांना कलम ५५ पेक्षा चांगलं पाठ आहे.

म्हणून निदान डिपॉझिट रोख देऊ नका. यूपीआयने द्या आणि शेऱ्यात 'परत मिळणारे डिपॉझिट' असं लिहा. करार नसला तरी बँकेच्या खातेउताऱ्यावर नाव, तारीख, रक्कम येते. काका म्हणतील, "मला ते फोनवरचं जमत नाही." त्याच फोनवरून रोज पहाटे साडेपाचला खोलीतल्या चारही मुलांना सूर्योदयाचा फोटो येतो, ते त्यांना जमतं.