सॉल्टेअरची घरं कुणी फुकट दिली नव्हती

नाशिकमधल्या नाशिक रोड, सातपूर, अंबडच्या कामगारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. इंग्लंडमधल्या सॉल्टेअर गावातल्या दगडी घरांच्या रांगेचा फोटो आणि खाली पाच दावे. गिरणीमालक टायटस सॉल्ट याने १८५३ साली आपल्या कामगारांना आठशे घरं फुकट दिली. साहेब आणि मजूर सारख्याच घरात राहत. यात मालकाचा स्वार्थ काहीच नव्हता. ती घरं आजही त्याच कामगारांच्या वारसांकडे आहेत. आणि शेवटी, भारतात असं एकाही मालकाने केलं नाही.

गाव खरं आहे, फोटोही खरा आहे. ब्रॅडफर्ड शहराबाहेर एअर नदीकाठी सॉल्टने अल्पाका या दक्षिण अमेरिकी प्राण्याच्या लोकरीची प्रचंड गिरणी उभारली आणि २० सप्टेंबर १८५३ रोजी, स्वतःच्या पन्नासाव्या वाढदिवशी, ती सुरू केली. पुढच्या पंधराएक वर्षांत तिच्याभोवती आठशेहून अधिक घरं, चर्च, शाळा, दवाखाना, म्हाताऱ्यांसाठी निवारे आणि बाग असं आखीव गाव वसलं. २००१ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. पण या एवढ्या खऱ्यावर मेसेजने जे रचलं आहे, ते त्या घरांत राहिलेल्या माणसांवर अन्याय करणारं आहे. म्हणून एकेक दावा तपासू.

घरं फुकट होती, हा पहिला दावा. नव्हती. प्रत्येक घराला भाडं होतं, आठवड्याच्या हिशेबाने, आणि जितकं घर मोठं तितकं भाडं जास्त. ब्रॅडफर्डच्या कोंदट वस्त्यांपेक्षा ही घरं कितीतरी चांगली होती, यात शंका नाही. नळाचं पाणी, गॅसचा दिवा, मागे स्वतःचं छोटं अंगण आणि स्वतंत्र संडास, हे त्या काळच्या कामगाराला सहज मिळणारं नव्हतं. पण त्याची किंमत कामगार भरत होता. ही गोष्ट नाशिक रोडच्या माणसाला तरी समजावून सांगावी लागू नये. इथल्या नोटा छापणाऱ्या सरकारी प्रेसच्या किंवा कुठल्याही केंद्र सरकारी क्वार्टरमध्ये राहणाऱ्याला घरभाडे भत्ता मिळत नाही, वर लायसन्स फी, म्हणजे क्वार्टरचं भाडं, पगारातून कापली जाते. नेहरूनगर किंवा गांधीनगर या इथल्या प्रेस कामगारांच्या वसाहतींत वाढलेल्या कुणाला ‘तुमचं घर फुकट होतं’ असं म्हणून बघा. आईवडिलांनी पगाराच्या कागदावर दर महिन्याला ती वजावट पाहिलेली असते. सॉल्टेअरच्या घरात तर नवरा, बायको आणि वयात आलेली मुलं, सगळ्यांच्या मजुरीतून भाडं निघत असे. त्या काळच्या कायद्याने आठ वर्षांच्या मुलालाही अर्धा दिवस गिरणीत आणि अर्धा दिवस शाळेत ठेवता येत होतं. घराला फुकट म्हटलं की या साऱ्यांचे कष्ट एका शब्दात पुसले जातात, आणि मला या मेसेजची चीड येते ती त्याच कारणाने.

सगळे सारखे, हा दावा तर गावाचा नकाशा पाहिला तरी टिकत नाही. साध्या कामगारांच्या घरांच्या सलग ओळी, मुकादमांना जास्त खोल्यांची घरं, आणि अल्बर्ट रोडवर अधिकारी, शिक्षक यांच्यासारख्यांची सर्वांत मोठी घरं. माणसाची गिरणीतली पायरी त्याच्या घराच्या दारावरून ओळखता यायची. रस्त्यांना नावं राणीची, तिच्या नवऱ्याची, मालकाच्या बायकोची आणि मुलाबाळांची, वास्तुरचनाकारांचीसुद्धा. लोकर विंचरणाऱ्या किंवा कातणाऱ्या एकाही बाईचं नाव कुठल्या गल्लीला नाही.

स्वार्थाचा मुद्दा मात्र घाईत उडवून लावण्यासारखा नाही. सॉल्ट दुष्ट होता असं मी म्हणत नाही. १८४८-४९ मध्ये तो ब्रॅडफर्डचा महापौर होता आणि १८४९ च्या कॉलऱ्यात शहरात माणसं कशी मेली हे त्याने जवळून पाहिलं होतं. गिरण्यांच्या धुराचा बंदोबस्त व्हावा म्हणूनही तो धडपडला. त्याने आयुष्यभर दानधर्म केला, तोही मोठा. पण त्याच्यासमोर धंद्याचा हिशेबही होता. त्याच्या गिरण्या शहरात विखुरलेल्या होत्या. त्या एका छताखाली आणायच्या तर मोठी मोकळी जागा हवी, पाणी हवं, रेल्वे आणि कालवा हवा. हे सगळं शहराबाहेर मिळालं. सुरुवातीला कामगारांना ब्रॅडफर्डहून रेल्वेने आणावं लागे. हजारो माणसं रोज वेळेवर यंत्रासमोर उभी राहायची असतील तर ती गिरणीच्या भोंग्याच्या अंतरात राहायला हवीत. म्हणजे घर ही गिरणीची गरज होती. त्याबरोबर शिस्तही आली. गावात दारूचा गुत्ता नाही, आणि कपडे गल्लीत वाळत घातलेले मालकाला खपत नव्हते म्हणून सार्वजनिक धुणीघर बांधलेलं. घरमालक आणि नोकरी देणारा एकच असला की भांडायचं कुणाशी? नोकरीवर रागावलेला माणूस छपरालाही मुकू शकतो. दया होती आणि पकडही होती. मेसेज अर्धंच सांगतो.

चौथा दावा सर्वांत चुकीचा, कारण तो घराचा इतिहासच उलटा करतो. सॉल्टेअरमधलं कुठलंही एक घर घ्या, १८५० च्या दशकात बांधलेलं. सॉल्ट १८७६ मध्ये वारला. पुढे धंदा बसला आणि १८९२ मध्ये कंपनी अडचणीत येऊन बंद करण्याची वेळ आली. १८९३ मध्ये ब्रॅडफर्डच्या काही व्यापाऱ्यांनी गिरणी आणि गाव दोन्ही घेतलं. घरात राहणारी माणसं तीच, भाडं घेणारा बदलला. १९३३ मध्ये घरं गिरणीपासून तोडून ब्रॅडफर्ड प्रॉपर्टी ट्रस्ट या मालमत्ता कंपनीला विकली गेली. बांधल्यापासून जवळपास ऐंशी वर्षं राहणारा कामगार त्या घराचा मालक नव्हता. मालकी हळूहळू व्यक्तींकडे आली ती या विक्रीनंतर, पैसे मोजून. गिरणी १९८६ मध्ये बंद झाली. तिथे कधी कोण राहिलं हे त्या दगडांवरून कळत नाही.

ते कळण्याचा मार्ग आहे, आणि फोटो फॉरवर्ड करण्यापेक्षा तो मोलाचा आहे. इंग्लंडमध्ये दर दहा वर्षांनी जनगणना होते आणि शंभर वर्षांनी तिचे तक्ते खुले होतात. १८६१ पासून १९२१ पर्यंत एकेका घरात कोण राहत होतं, वय काय, जन्म कुठला, गिरणीत काम कोणतं, हे घरागणिक वाचता येतं. १९३१ ची पानं आगीत जळाली आणि १९४१ मध्ये युद्धामुळे गणना झालीच नाही, म्हणून युद्ध सुरू होताच, सप्टेंबर १९३९ मध्ये, घरोघरच्या माणसांची जी नोंदवही झाली ती महत्त्वाची ठरते. मालकीचा धागा खरेदीखतांतून सापडतो. एकच घर, पण दर गणनेला आडनाव वेगळं निघू शकतं. ‘त्याच कामगारांचे वारस’ म्हणणाऱ्याने आधी ही पानं उघडावीत.

राहिला भारताचा मुद्दा, आणि त्याला आपल्याच जिल्ह्यात उत्तर आहे. उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी मालेगाव तालुक्यातल्या रावळगावात ऊस आणि साखरेचा उद्योग उभा केला. रावळगाव शुगर फार्म ही कंपनी १९३३ ची, म्हणजे सॉल्टेअरची घरं विकली गेली त्याच वर्षीची. कारखान्याभोवती कामगारांची वस्ती झाली, १९४२ पासून गोळ्या-चॉकलेटं बनू लागली. इंदापूर तालुक्यात त्यांनीच वालचंदनगर वसवलं. त्याआधी १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या जमिनीवर किर्लोस्करवाडी उभारली होती. तेव्हा ‘एकाही मालकाने नाही’ हे खोटं आहे.

पण या गावांबद्दलही उद्या तसाच गोड मेसेज फिरू नये. २०२४ मध्ये रावळगावच्या गोळ्यांचे ब्रँड आणि त्यांच्या पाककृती २७ कोटींना रिलायन्सच्या कंपनीकडे गेल्या. जमीन, इमारती, यंत्रं त्या व्यवहारात नव्हती, ती जुन्या कंपनीकडेच राहिली. नाव एकाकडे, भिंती दुसऱ्याकडे, आणि तिथे पाक आटवण्यात, गोळ्या गुंडाळण्यात जन्म घालवलेल्यांची नावं या दोन्ही कागदांत नाहीत. आपल्याकडे जनगणनेचे घरोघरचे तक्ते असे खुले होत नाहीत. आपल्या हाती उरतात त्या क्वार्टरच्या वाटपाच्या चिठ्ठ्या, पगाराचे कागद, रेशनकार्डं, शाळेचे दाखले. ज्यांच्या घरी ते अजून आहेत त्यांनी त्यांचे फोटो काढून, कोणत्या लाइनीतलं कितव्या नंबरचं घर आणि कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, एवढं मागे लिहून ठेवावं.