आधी बघा, मग बोला, मग पुन्हा बघा

रविवारची संध्याकाळ. मॉलमध्ये सरकत्या जिन्याशेजारी आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा दोन्ही कान दाबून फरशीवर बसला आहे आणि एका सुरात ओरडतो आहे. शेजारी त्याची आई उकिडवी बसली आहे, काही बोलत नाही. अशा वेळी काही लोक सरळ पुढे निघून जातात. तुम्ही तसं करू नका. चपलेचा पट्टा नीट करायची हीच वेळ आहे, म्हणजे थांबायला निमित्त होतं.

एकदा थांबलात की बघा. पहिली नजर मुलाकडे, दुसरी आईकडे आणि तिसरी आपल्यासारख्याच इतर थांबलेल्यांकडे. ही तिसरी महत्त्वाची, कारण तिच्यातून एकमत होतं. एकमत झालं की जीभ टाळूला लावून 'च्च च्च' करा. आवाज आईच्या कानापर्यंत पोचेल एवढा असावा, नाहीतर केल्याचा उपयोग काय?

मग निदान. स्वमग्नतेचं, म्हणजे ऑटिझमचं, निदान करायला तज्ज्ञांना पालकांशी सविस्तर बोलावं लागतं, मुलाला खेळताना, रुसताना, हाक मारल्यावर न वळताना नीट पाहावं लागतं. तुमचं अर्ध्या मिनिटात होतं: लाडावलंय. औषधही तयारच असतं. 'आमच्या आईनं एक ठेवून दिली असती ना...' हे वाक्य अर्धवट सोडायचं असतं. उरलेलं काम आई बिचारी स्वर्गातून करते.

हट्ट करणारं मूल मधूनमधून बोटांच्या फटीतून बघतं, आपल्याकडे लक्ष आहे का म्हणून. प्रेक्षक गेले की प्रयोग संपतो. आवाज, उजेड आणि गर्दी सहन होईनाशी झालेल्या मुलाला मात्र कोणी बघतंय की नाही याचं काही सोयरसुतक नसतं. पण ओरडणं दोन्हीकडे सारखंच ऐकू येतं, तेव्हा फरक करत बसायची तसदी तुम्ही कशाला घ्या?

लांबून भागत नसेल तर जवळ जा. अशा मुलाला मोकळी जागा, शांतता आणि थोडा वेळ मिळाला की ते हळूहळू सावरतं. आईला हे ठाऊक असतं, म्हणून तर ती गप्प बसलेली असते. ही शांतता तुम्ही मोडा. चौघा-पाचजणांनी कडं करून उभं राहा आणि एकदमच बोला. 'बाळा, नाव काय तुझं? इकडे बघ. माझ्या डोळ्यांत बघ.' टाळ्या वाजवा, किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवा. पाठीवरून अलगद हात फिरवा. अलगद स्पर्श यातल्या बऱ्याच मुलांना नकोसा होतो म्हणतात, पण तो परक्यांचा. तुमचा हात मायेचा आहे. एकाने बाजूला उभं राहून व्हिडिओ घ्यावा. वर 'जनजागृतीसाठी' असं लिहिलं की पुण्य पदरात.

कधी कधी मूल उत्तर देतं, त्याचीही तयारी हवी. हार्बर लाइनच्या गाडीत एका आजींनी माझ्या भाच्याला नाव विचारलं. तो म्हणाला, "पुढील स्टेशन, कॉटन ग्रीन." आजी म्हणाल्या, "अरे, नाव विचारलं मी." तो म्हणाला, "अगला स्टेशन, कॉटन ग्रीन." मग इंग्रजीतही झालं, घोषणा करणाऱ्या बाईंच्याच सुरात, त्याच ठिकाणी थांबून. आणि स्टेशन खरोखर कॉटन ग्रीनच आलं. अख्ख्या डब्यात त्या वेळी उपयोगाचं बोलणारा तो एकटाच होता. आजींनी माझ्या बहिणीकडे वळून विचारलं, "बोलत नाही का हो हा?"

बोलतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. 'ही मुलं भयंकर हुशार असतात ना? मग याचं काय? गणित, की चित्रकला?' यावर 'हार्बरची स्टेशनं' हे उत्तर मिळालं तर चेहऱ्यावरची निराशा मुळीच लपवू नका. एवढा त्रास सोसायचा आणि घरात साधा एक आइनस्टाइनही नाही, हे पालकांना कळायला हवं.

आता गप्पा रंगल्याच आहेत तर 'आमच्या वेळी असलं काही नव्हतं' हे सांगून टाका. अमेरिकेत लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरांनी 11 मुलांच्या तपशीलवार नोंदी छापल्या 1943 साली, म्हणजे होतं तुमच्या वेळीही. गावात त्याला खुळा म्हणत आणि पाहुणे आले की मागच्या खोलीत बसवत. कोणाची मुंज कोणत्या वारी लागली हे तो अचूक सांगे, म्हणून लग्नाच्या याद्या करताना तेवढा बाहेर काढत. पण मागच्या खोलीतलं दिसत नसे, म्हणून ते नव्हतंच.

कारण सांगितल्याशिवाय मात्र उठू नका. नोकरी करणारी आई हे उत्तम कारण. घरी बसणारी असेल तर मोबाइल. आईच्या थंडपणामुळे मूल असं होतं, ही कल्पना विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत मोठमोठ्या विद्वानांनी चालवली आणि पुढे ती पार मोडीत निघाली. आपल्याकडे ती अजून उत्तम स्थितीत आहे, वापरून घ्या. तेही पटलं नाही तर लस. लशीचा संबंध सुचवणारा 1998 सालचा लेख 'लॅन्सेट' या ज्या वैद्यकीय नियतकालिकाने छापला त्यानेच तो 2010 मध्ये मागे घेतला, आणि त्याच्या प्रमुख लेखकाचं नाव त्याच वर्षी ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीतून कमी झालं. पण तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो काल सकाळी गुलाबाच्या फुलासकट आला, म्हणजे ताजा आहे. शेवटी परभणीच्या त्या गृहस्थांचा नंबर द्या, जे फक्त गुरुवारी बघतात आणि पैसे घेत नाहीत, पेटीत टाकायचे असतात.

मॉलच्या व्यवस्थापकांनीही निराश होऊ नये, त्यांना बरंच करता येण्यासारखं आहे. स्वच्छतागृहात हात वाळवायचं यंत्र आहेच. कोणीही हात खाली नेला की ते एकदम गर्जतं, आणि कोण कधी नेईल हे सांगता येत नाही. त्यामुळे माझा भाचा दारातच खिळून उभा राहतो, लागलेली असली तरी. नऊ वर्षांचा मुलगा, बरोबर एकटी आई. पुरुषांच्या बाजूला त्याला एकट्याला सोडता येत नाही. बायकांच्या बाजूला नेलं तर आरशासमोरच्या चार जणी लिपस्टिक हवेत धरून वळतात. "एवढा मोठा घोडा लेडीजमध्ये?" हे वाक्य अशा वेळी कोणीतरी म्हणायलाच हवं, आणि कोणीतरी म्हणतंच. तिसरं दार असतं की, चाकाच्या खुर्चीचं चित्र असलेलं. त्यात बादल्या, पोछे आणि एक शिडी राहते. किल्ली ज्याच्याकडे असते तो जेवायला गेलेला असतो. दुपारी चार वाजताही.

वर्षातून एकदा, 2 एप्रिलला, याची भरपाई करा. संयुक्त राष्ट्रांनी 2008 पासून तो दिवस स्वमग्नतेविषयीच्या जागृतीसाठी ठेवलेला आहे. इमारतीवर निळे दिवे सोडा, शक्य तर उघडझाप करणारे. मुलांना आग्रहाने बोलवा आणि प्रवेशद्वारावर ढोल-ताशाने स्वागत करा. प्रत्येकाच्या हातात फुगा द्या, कमी हवेचा नको, टच्च फुगलेला. प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा येतील, तोवर डीजे चालू द्या. मुलं रडू लागली तर निवेदकाने 'किती निरागस आहेत पाहा' असं म्हणावं.

कायद्याचं मनावर घेऊ नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारची दिव्यांगत्वं धरली आहेत आणि स्वमग्नता त्यांत आहे. त्याच्या कलम 92 मध्ये दिव्यांग व्यक्तीला चारचौघांत मुद्दाम अपमानित केल्यास सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. पण तुम्ही कुठे अपमान करता, तुम्ही तर काळजीपोटी बोलता. 2022 च्या मे महिन्यात रांचीच्या विमानतळावर एका विमान कंपनीनेही काळजीच केली होती. घाबरलेल्या एका दिव्यांग मुलाला इतर प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी विमानात घेतलं नाही. गंमत म्हणजे ते इतर प्रवासीच 'घ्या हो त्याला' म्हणत होते. कंपनीला 5 लाखांचा दंड झाला. प्रवाशांनी असा घोळ घालू नये.

असे घोळ घालणारे लोक असतात, त्यांच्यापासून जपून राहा. आमच्या स्टेशनबाहेरच्या उडप्याकडे एक वेटर आहे. भाचा दिसला की तो भिंतीकडचं टेबल मोकळं करतो. डोसा न मोडता आणतो, कारण मोडलेला डोसा हा डोसा नाही. सांबार वेगळ्या वाटीत, ताटाला न टेकवता. अगदी पहिल्यांदा त्याने एक प्रश्न विचारला होता, तोही आईला नाही, मुलालाच: "सांबार बाजूला?" त्यानंतर काही नाही. 'याला काय झालंय', 'कोणाला दाखवलं', 'आमच्या मेहुण्याचा मुलगा पण' असं काहीच नाही. बिल आणतो, बडीशेप ठेवतो, दुसऱ्या टेबलाकडे जातो. समाजाविषयी कळकळ म्हणून नाही त्या माणसाला.

तुमचं तसं नाही. तुम्ही नेटाने चालू ठेवा. रविवारी मॉलमध्ये, सुट्टीत बागेत, लग्नात जेवणाच्या रांगेत. बाई आदल्या रात्री रिक्षा, गाडी, बाग आणि घर अशी चार चित्रं काढून मुलाला उद्याचा दिवस समजावते, पिशवीत कान झाकायचे हेडफोन आणि न मोडलेल्या बिस्किटांचा पुडा घेते, आणि तुम्ही तिला म्हणता, 'जरा तयारी करून यावं ना बाहेर पडताना.' थोडी चिकाटी ठेवलीत तर ती यायची बंद होईल. आधी लग्नकार्यं सुटतील, मग बाग, मग बिल्डिंगच्या गच्चीवरची कोजागिरी.

मग एखाद दिवशी ती लिफ्टमध्ये भेटेल. तेव्हा आपुलकीने विचारा, "हल्ली दिसत नाही तुम्ही लोक? अहो, असं घरात कोंडून ठेवू नका त्याला. चार माणसांत नेत जा."